पैसा कोणाचा, कंपनी कोणाची?

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जमीन दिली आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९८१ साली पुण्यात सात इंजिनिअरांनी पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सची नोकरी सोडून इन्फोसिस काढली, तेव्हा सुधा मूर्तींनी संसारातून बाजूला टाकलेले दहा हजार रुपये नारायण मूर्तींच्या हातावर ठेवले. आकडा तोच, मोल अर्थातच फार वेगळे. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे भाषणांत, पाठ्यपुस्तकांत, वाढदिवसाच्या पुरवण्यांत पुन्हापुन्हा सांगितल्या जातात, आणि सांगणारा दर वेळी विश्वास या शब्दाशी येऊन गहिवरतो. गहिवरायला हरकत नाही. पण या व्यवहारांतली एक बाजू कोणी सांगत नाही. पैसे देणाऱ्याने संचालक मंडळावर खुर्ची मागितली नव्हती. माझ्या संमतीशिवाय नवा माणूस मोठ्या पगारावर घ्यायचा नाही, असे लिहून घेतले नव्हते. सात वर्षांनी मला दहापट करून बाहेर पडायचे आहे, असेही बजावले नव्हते.

आज तंत्रज्ञानाची कंपनी काढणारा मुलगा किंवा मुलगी जो पैसा उभा करायला निघते, तो या जातीचा नसतो. पुढची पाने त्या दुसऱ्या जातीच्या पैशाबद्दल आहेत.

भांडवल गोळा करण्याची कल्पकता आपल्याकडे नव्हती, असे मुळीच नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून देशी उद्योगांसाठी निधी उभारण्याची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि १९०८ च्या सुमारास तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचेचे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. हल्ली ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात, ते आपण कित्येक पिढ्या आधीच करून बसलो होतो. फक्त ती देणगी होती. पैसा टाकणाऱ्याच्या नावावर कारखान्याची एक वीटही चढत नव्हती.

देणगी, उसनवारी, बायकोची शिल्लक, आईच्या पाटल्या, फार तर पतपेढीचे कर्ज: भांडवलाची आपली ओळख या रांगेतली आहे. म्हणून एखाद्या गुंतवणूकदाराने कंपनीत दोन कोटी घातले की आपल्याला ती मदत वाटते. वर्तमानपत्रात चौकट येते, गावी शाल-श्रीफळ मिळते. मी सीए आहे. नव्या कंपन्यांच्या वह्या आणि करारनामे हाच माझा धंदा, आणि तिथून पाहताना मला हा सत्कार नेहमी चमत्कारिक वाटत आला आहे. ज्याने आपल्या शेताचा पाचवा हिस्सा विकला त्याला कोणी हार घालत नाही. गुंतवणूक घेणे ही विक्री आहे. ती चांगली विक्री असू शकते, कधी कधी तिच्यावाचून गत्यंतर नसते, पण आहे ती विक्रीच. माझे एवढेच म्हणणे आहे. बाकी पुस्तकभर त्याचा तपशील आहे.

या विक्रीची रीत कुठून आली ते आधी पाहू. १९४६ साली बॉस्टनमध्ये अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन नावाची संस्था निघाली. तिचे सूत्रधार जॉर्ज दोरिओ हे हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचे प्राध्यापक आणि महायुद्धातले ब्रिगेडियर जनरल. युद्धाच्या काळात प्रयोगशाळांत जे निर्माण झाले त्यातून कंपन्या निघाव्यात, पण बँका तर तारणाशिवाय कर्ज देत नाहीत, या अडचणीतून ती संस्था जन्माला आली. १९५७ साली एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतले दोघे तरुण, केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन, तिच्या दारात आले. त्यांना संगणक करायचे होते. त्यांना सल्ला मिळाला की संगणकात कोणी पैसा कमावलेला नाही, तेव्हा संचालकांसमोर तो शब्दच काढू नका. म्हणून कंपनीचे नाव डिजिटल इक्विपमेंट पडले, आणि सुरुवात संगणकाच्या सुट्या मॉड्यूलपासून झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावच्या एका जुन्या लोकरी गिरणीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. दोरिओंच्या संस्थेने ७० हजार डॉलर दिले आणि त्या बदल्यात कंपनीचा सुमारे ७० टक्के हिस्सा घेतला. पुढे त्या हिश्श्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली.

ही गोष्ट व्हेंचर कॅपिटलच्या इतिहासात यशोगाथा म्हणून येते, आणि ती आहेच. पण ७० टक्के हा आकडा वाचताना आपल्या फाउंडर मंडळींनी थोडे थांबावे. ओल्सन आणि अँडरसन यांच्याकडे दुसरे गिऱ्हाईक नव्हते. ज्या दिवशी विकायला एकच दार असते, त्या दिवशी भाव दारवाला सांगतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला विल्यम शॉकलींच्या प्रयोगशाळेतून आठ शास्त्रज्ञ एकदम बाहेर पडले. आर्थर रॉक या तरुण बँकरने त्यांच्यासाठी बरीच दारे ठोठावली, आणि शेवटी शेरमन फेअरचाइल्ड तयार झाले. त्यातून फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर निघाली. करारात तीस लाख डॉलर देऊन सगळी कंपनी विकत घेण्याचा हक्क फेअरचाइल्डकडे होता, तो त्यांनी बजावला, आणि आठही जण मालकाचे पुन्हा नोकर झाले. त्यांतल्या रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली इंटेल काढली तेव्हा रॉकनेच २५ लाख डॉलर उभे केले, तेही बघता बघता. आता विकणारे ठाऊक होते, घेणाऱ्यांची रांग होती, आणि कागद वेगळा लिहिला गेला.

दोरिओंच्या संस्थेचे शेअर बाजारात होते. तिला मुदत नव्हती. पुढच्या पिढीतले फंड भागीदारीच्या रूपात निघाले आणि त्यांना दहा वर्षांचे आयुष्य आले. १९७९ साली अमेरिकेत पेन्शन फंडांना अशा जोखमीत थोडा पैसा घालायची मोकळीक मिळाली, आणि या भागीदाऱ्या फुगल्या. भारतात सेबीने २०१२ साली पर्यायी गुंतवणूक निधींचे नियम केले, तेही याच घडणीवर. फंड चालवणारा दरवर्षी साधारण दोन टक्के व्यवस्थापन फी घेतो, आणि नफ्यातला वीस टक्के वाटा त्याचा. दहा वर्षांत पैसा लावायचा, वाढवायचा आणि परत करायचा.

हे गणित एकदा कागदावर मांडले की गुंतवणूकदाराचे निम्मे वागणे कळते. समजा फंड ५०० कोटींचा आहे. फीचे दहा वर्षांत १०० कोटी गेले. उरलेले ४०० कोटी त्याने २५ कंपन्यांत लावले. ज्यांनी पैसे दिले त्यांना दहा वर्षांत निदान तिप्पट हवे, म्हणजे १५०० कोटी. बाहेर पडताना प्रत्येक कंपनीत फंडाचा हिस्सा सरासरी १५ टक्के उरला असेल, तर या सगळ्या कंपन्यांची मिळून किंमत १० हजार कोटी व्हायला हवी. पंचवीसांतल्या निम्म्या बुडणार, काही मुद्दल परत करणार, हे फंडवाल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणून सगळा भार दोन-तीन कंपन्यांवर. आता तुमची कंपनी दरवर्षी पाच कोटी नफा कमावते, चाळीस माणसांचे संसार चालवते, ग्राहक खूश आहेत. तुमच्या दृष्टीने ती सोन्याची आहे. फंडाच्या दृष्टीने ती बुडालेल्या कंपनीहून फारशी वेगळी नाही. तो तुम्हाला म्हणेल, वेग वाढवा, तीन शहरांत जा, तोट्याची चिंता करू नका. तो लबाड नाही. त्याचा हिशेबच त्याला दुसरे काही बोलू देत नाही. तुम्ही मात्र त्याच्या हिशेबात स्वतःला बसवून घ्यायचे की नाही, हे पैसे घेण्याआधी ठरवायचे असते. नंतर ठरवता येत नाही.

२०१५ साल ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे सांगायला नको. पवईच्या हाउसिंग डॉट कॉममध्ये आयआयटी मुंबईची मुले होती. २०१४ च्या अखेरीस सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने सुमारे नऊ कोटी डॉलर आले. जुलै २०१५ मध्ये संचालक मंडळाने सीईओ राहुल यादव यांना दूर केले. त्यांच्या वागण्याबद्दल मते काहीही असोत, काढणारे मंडळ कोणाच्या पैशाने बनले होते ते उघड आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात घरपोच जेवणाच्या टायनीआउल कंपनीने पुण्याचे कार्यालय आवरायला घेतले, तेव्हा देणी मिळेपर्यंत कर्मचाऱ्यांनी एका संस्थापकाला बाहेर पडू दिले नाही. नामांकित फंडांचा पैसा त्या कंपनीत होता. पैसा वेगाने आला, माणसे वेगाने भरली, आणि गुंतवणुकीचा पुढचा राउंड लांबला तेव्हा खर्चाला ब्रेकच नव्हता. बायजूजची गोष्ट तर सगळ्यांसमोर घडली: २०२२ साली २२ अब्ज डॉलर मोल लावलेली कंपनी २०२४ साली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की मी व्हेंचर कॅपिटलच्या विरुद्ध आहे. मी त्याच्या भाबड्या वाचनाच्या विरुद्ध आहे.

पुण्यातच दुसऱ्या वाटेने गेलेल्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्याकडे आपले लक्ष कमी जाते याचे कारण त्यांच्या पहिल्या दहा वर्षांत बातमी होण्यासारखे काही नसते. आनंद देशपांडे अमेरिकेत डेटाबेसमध्ये पीएचडी करून, एचपीच्या प्रयोगशाळेत काम करून परत आले आणि १९९० साली त्यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली. त्या वेळी भारतात व्हेंचर कॅपिटल म्हणजे आयसीआयसीआयने १९८८ साली बंगळुरात काढलेली टीडीआयसीआय आणि अशाच दोन-चार निमसरकारी संस्था. कंपनी वाढली ती परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांचे काम करून, म्हणजे ग्राहकाच्या पैशावर. गुंतवणूकदार आले ते नंतर, कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहिल्यावर. शेअर बाजारात नाव लागले २०१० साली, म्हणजे वीस वर्षांनी. फंडाच्या दहा वर्षांच्या आयुष्यात ही कंपनी बसलीच नसती.

रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे उदाहरण मला त्याहून आवडते. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरलेला हा मुलगा पुण्यात संगणक दुरुस्त करू लागला. येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर क्विक हील बाजारात आले. दुरुस्तीच्या बिलांवर सॉफ्टवेअर पोसले गेले. सिकोइया कॅपिटलचे ६० कोटी आले ते २०१० साली, म्हणजे उत्पादन विकले जाऊ लागून पंधरा वर्षे झाल्यावर. त्या वेळी काटकरांकडे नाव होते, नफा होता, नाही म्हणण्याची सोय होती. दोरिओंच्या दारातल्या ओल्सनकडे यातले काही नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांनी शेअर विकून कंपनी बाजारात उतरली, आणि पहिल्याच दिवशी भाव त्याखाली गेला. बाजारही एक गुंतवणूकदारच आहे, तोही लाड करत नाही.

इन्फोसिसचा आयपीओ तरी कुठे हातोहात खपला होता? १९९२ पर्यंत दिल्लीत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज बसलेला असे आणि शेअर कोणत्या भावाने विकायचा हे तो ठरवी. ते पद गेले, सेबीला कायद्याचे बळ मिळाले, आणि १९९३ साली इन्फोसिसने ९५ रुपयांनी शेअर काढला. पुरेशी मागणी आली नाही. मॉर्गन स्टॅनलीने पुढे होऊन १३ टक्के उचलले, म्हणून निभावले. दहा हजार रुपयांची गोष्ट घराघरांत आहे, पण ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. फाउंडरला मात्र उपयोगी पडेल ती हीच.

ग्राहकाच्या पैशावर सगळेच उभे राहू शकत नाहीत, हे मान्य करून पुढे जाऊ. ज्याला यंत्र बनवायचे आहे, औषध शोधायचे आहे, त्याला पहिले बिल फाडायच्या आधी काही वर्षे आणि काही कोटी जाळावे लागतात. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ साली आयडियाफोर्ज काढली. तिथल्याच साइन या इन्क्युबेटरमध्ये ती वाढली, आणि तिचा ड्रोन २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये उडाला. मोठे गुंतवणूकदार आले २०१६ साली. त्यांत क्वालकॉम होती आणि इन्फोसिसही होती. पुण्यात दहा हजारांवर निघालेल्या कंपनीचा पैसा मुंबईच्या ड्रोनमध्ये गेला. माझ्या मते या क्षेत्राची वाढ मोजायची ती अशी, युनिकॉर्न मोजून नव्हे. आयडियाफोर्ज २०२३ साली ६७२ रुपयांच्या भावाने बाजारात आली.

अशा कंपन्यांनी सुरुवातीला हिस्सा विकण्याआधी अनुदानाकडे बघावे, आणि आपली मुले नेमकी तिथेच आळस करतात. बायरॅकच्या बिग योजनेत जैवतंत्रज्ञानाच्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत मिळतात, निधी-प्रयासमध्ये प्रोटोटाइपसाठी दहा लाखांपर्यंत. केंद्राची ९४५ कोटींची सीड फंड योजना २०२१ साली आली. तिच्यात इन्क्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदान आणि ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोखे अशी तरतूद झाली. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर २००७ पासून आहे. अर्ज लांबलचक असतात, हप्ते उशिरा येतात, वापराचे दाखले द्यावे लागतात. पण अनुदान देणारा हिस्सा मागत नाही. फॉर्म भरायचा कंटाळा आला म्हणून दहा टक्के कंपनी एंजल गुंतवणूकदाराला विकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता मामाच्या पैशांबद्दल. हा विषय इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही आणि आमच्या कचेरीत सर्वांत जास्त वेळ खातो.

कंपनी निघाली की पहिले दहा-पंधरा लाख घरातून येतात. वडील भविष्यनिर्वाह निधीतले देतात, मामा पाच लाख कंपनीच्या खात्यावर पाठवतो, कॉलेजचा मित्र दोन लाख देतो आणि म्हणतो, जमेल तसे परत कर. सगळे प्रेमाने चालले आहे. फक्त कंपनी कायद्यात हे प्रेम बसत नाही. खासगी कंपनीला कर्जाऊ पैसे संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून घेता येतात, तेही ते पैसे त्याने स्वतः उसने आणलेले नाहीत असे लेखी घेऊन. भागधारक नसलेल्या मित्राकडून घेतलेली रक्कम ठेव ठरते, आणि ठेवी गोळा करण्याचे नियम भलतेच कडक आहेत. आणि नातेवाईक कोण? कायद्याच्या यादीत नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आहेत, एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य आहेत. मामा नाही. मावशी नाही, आत्या नाही. गंमत अशी की आयकर कायदा मात्र मामाला नातेवाईक मानतो, कारण तो आईचा भाऊ आहे, आणि त्याने भाच्याला दिलेल्या भेटीवर भाच्याला कर लागत नाही. तेव्हा मामाने पैसे भाच्याच्या खात्यात भेट म्हणून द्यावेत, भाच्याने ते शेअर भांडवल म्हणून कंपनीत घालावेत. एकाच मामाला दोन खाती दोन दृष्टींनी पाहतात आणि दोन्हींचे नियम पाळावे लागतात.

मित्राला हिस्साच द्यायचा असेल तर शेअर द्या, पण खासगी वाटपाची रीत पाळून. एका आर्थिक वर्षात २०० जणांपलीकडे प्रस्ताव द्यायचा नाही, पैसे बँकेतून वेगळ्या खात्यात घ्यायचे, ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पंधरा दिवसांत रक्कम परत. तेही चुकले की वर १२ टक्के व्याज. कन्व्हर्टिबल नोटचा मार्ग हल्ली सर्वांना माहीत असतो, पण ती फक्त मान्यताप्राप्त स्टार्टअपला काढता येते आणि एका व्यक्तीकडून एका हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. दोन लाखांच्या मित्राला तिचा उपयोग नाही. ही चूक त्या वेळी कोणाला दिसत नाही. तीन वर्षांनी पहिला मोठा गुंतवणूकदार ड्यू डिलिजन्स, म्हणजे कागदपत्रांची तपासणी, लावतो, त्याचा वकील बँकेचे उतारे मागतो, आणि मामा प्रकट होतो. व्यवहार दोन महिने लांबतो किंवा भाव उतरतो.

मित्र को-फाउंडर असला तर आणखी काळजी घ्यावी. तीन वर्गमित्र कंपनी काढतात आणि भांडण नको म्हणून तेहतीस-तेहतीस टक्के करतात. वर्षभरात एकाला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळतो. तो जातो, त्याचा तिसरा हिस्सा मात्र जात नाही. राहिलेले दोघे पुढची आठ वर्षे त्याच्यासाठी राबतात. यावर उपाय आहे, तो जुना आहे, आणि लाजेखातर कोणी करत नाही: हिस्सा चार वर्षांत कमावायचा, पहिले वर्ष पुरे न करता गेला तर काही नाही, नंतर महिन्यागणिक थोडा थोडा. त्याला व्हेस्टिंग म्हणतात. ज्या मित्राला हे सुचवायची लाज वाटते, त्याच्याबरोबर कंपनी काढू नये.

विक्रीचे गणितही इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते कोष्टकात येते आणि कोष्टके लोक वगळतात. दोघे फाउंडर, प्रत्येकी ४५ टक्के, दहा टक्के ईसॉपसाठी, म्हणजे कर्मचाऱ्यांना द्यायच्या शेअरसाठी. सीड राउंडला दोन कोटी घेतले आणि २० टक्के दिले. प्रत्येक फाउंडर ३६ वर आला. सिरीज एला दहा कोटी घेतले, पुन्हा २० टक्के दिले. फाउंडर २८.८ वर. कंपनीचे मोल कागदावर ५० कोटी, म्हणजे प्रत्येकाच्या नावावर साडेचौदा कोटींच्या आसपास, आणि घरी सगळे खूश. पुढे काही जमले नाही आणि कंपनी १५ कोटींना विकली गेली. फाउंडर मनात हिशेब करतो: पंधराचे २८.८ टक्के, म्हणजे चार कोटी ३२ लाख. पण गुंतवणूकदाराकडे प्रेफरन्स शेअर असतात आणि करारात लिहिलेले असते की विक्री झाली तर आधी आमचे मुद्दल. बारा कोटी तिकडे गेले. उरलेल्या तीन कोटींत दोघे फाउंडर आणि ईसॉपवाले. प्रत्येक फाउंडरच्या वाट्याला एक कोटी ३५ लाख, करापूर्वी. तेवढ्याच वर्षांच्या नोकरीत त्याने कदाचित जास्त कमावले असते. ही अट वाईट नाही. एकपट मुद्दल आधी, हे सर्वत्र चालते आणि न्याय्यही आहे. दोनपट मागणारा किंवा मुद्दल घेऊन वर हिस्साही मागणारा भेटला तर उठावे.

व्हॅल्युएशनच्या नादात सगळ्यांचे लक्ष भावाकडे जाते आणि अटी मागे राहतात. त्याला सरकारनेही हातभार लावला होता. २०१२ साली आयकर कायद्यात एक कलम आले: शेअर वाजवी मोलाहून जास्त भावाने विकला तर वरची रक्कम कंपनीचे उत्पन्न. काळा पैसा शेअर प्रीमियमच्या वाटेने पांढरा होऊ नये, हा हेतू. पण नव्या कंपनीचे वाजवी मोल काढायचे कसे? भविष्याचे अंदाज मांडायचे, आणि तीन वर्षांनी अंदाज चुकले की अधिकारी विचारणार, मग तेव्हा एवढा भाव कसा? एंजल टॅक्स या नावाने ते कुप्रसिद्ध झाले, त्यात सवलती आल्या, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात ते गेले. बारा वर्षे त्याच्या नोटिसांना उत्तरे लिहिण्यात आमच्या व्यवसायाने बरीच शाई घालवली. फीही कमावली, ते लपवत नाही.

कंपनी कुठे नोंदवायची हाही प्रश्न आता दर महिन्याला समोर येतो. अमेरिकी गुंतवणूकदार डेलावेअर मागतो, कोणी सिंगापूर सुचवतो. ड्रुवा पुण्यात २००८ साली निघाली. तिचे फाउंडर व्हेरिटासमध्ये घडलेले, मिलिंद बोराटे त्यांतले एक. डेटा साठवणुकीतले इंजिनिअर पुण्यात मुबलक होते म्हणून ती इथे जन्मली आणि ग्राहक अमेरिकेत होते म्हणून मुख्यालय कॅलिफोर्नियाला गेले. तिच्या बाबतीत ते बरोबर होते. ज्यांचे सगळे ग्राहक भारतात आहेत त्यांनी मात्र केवळ फंडाच्या सोयीसाठी बाहेर जाऊ नये. २०२२ साली फोनपे सिंगापुरातून परत आली तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे आठ हजार कोटी रुपये कर भरावा लागला. तिची मुख्य मालक असलेल्या वॉलमार्टला ते झेपले.

पुस्तक वाचताना क्रम पाळायची गरज नाही. ज्याच्या हातात आज टर्म शीट आहे त्याने करारनाम्यांचे प्रकरण आधी वाचावे. ज्याने अजून राजीनामा दिलेला नाही त्याने को-फाउंडरचे. आकडे आणि कलमे छापायला जाईपर्यंत तपासली आहेत, पण हा कायदा दर अर्थसंकल्पात हलतो, तेव्हा सही करण्यापूर्वी आपल्या सीएला विचारावे. आणि वकील स्वतःचा करावा. राउंडमध्ये गुंतवणूकदाराच्या वकिलाची फी बहुतेक वेळा तुमच्या कंपनीच्या खात्यातून जाते. त्यामुळे तो तुमचा वकील होत नाही.